एकोणिसावा रकाना

सरांना ‘कसे आहात?’ असं विचारायची सक्त मनाई होती. त्यांनाच नव्हे, वॉर्डातल्या कुठल्याच पेशंटला आम्ही तो प्रश्न विचारायचा नाही, असा त्यांचा दंडक होता. कारण बडोद्यात त्या प्रश्नाला एकच उत्तर आहे आणि प्रश्न संपायच्या आत ते आलेलं असतं. मजामा. पाय प्लास्टरमध्ये टांगलेला असो की नाकात ऑक्सिजनची नळी असो, माणूस आपला मजेत. मी मूळची साताऱ्याची. आमच्याकडे तब्येत विचारली की माणूस गुडघ्यापासून सुरुवात करतो आणि धाकट्या जावेपर्यंत जाऊन पोचतो. इथे एका काकांनी ऑपरेशनच्या टेबलावर आडवं पडल्यापडल्या भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंना “मजामा, तमे?” असं उलट विचारलं होतं, आणि भूल द्यायच्या आधी त्याही “मजामा” म्हणाल्या होत्या.

“हे उत्तर नाही, हे झाकण आहे,” सर म्हणायचे. “झाकणावर काय लिहिलंय ते वाचू नको. उशा विचार.”

उशांचं त्यांना भारी वेड. हृदय अशक्त झालं की फुप्फुसांत पाणी साठतं, मग सपाट झोपलं की धाप लागते. माणूस नकळत एकीच्या दोन उशा करतो, दोनच्या तीन, आणि विचारलं तर म्हणतो मजामा. म्हणून सर सकाळी वॉर्डात शिरले की पेशंटच्या तोंडाकडे न बघता आधी उशा मोजायचे. एकदा त्यांनी सतरा नंबरच्या खाटेवर चार उशा मोजल्या आणि सिस्टरना धावत बोलावून आणलं. त्यातल्या दोन उशा शेजारच्या पेशंटच्या बायकोच्या होत्या. ती त्या टेकायला ठेवून चहाला गेली होती. सरांना जराही ओशाळल्यासारखं झालं नाही. “खोटा अलार्म परवडला. न वाजलेला नाही परवडत,” असं म्हणून ते अठरा नंबरकडे वळले.

सर डॉक्टर नव्हते, हे एव्हाना लक्षात आलंच असेल. शहराबाहेरच्या एका मोठ्या कारखान्यात त्यांनी जवळजवळ चाळीस वर्षं पंप ऐकले होते. हे त्यांचेच शब्द, “मी पंप ऐकायचो.” कुठला पंप कधी बंद पडणार हे आधी सांगणं हे त्यांचं काम. निवृत्त झाले तरी कान आणि हात निवृत्त झाले नव्हते. दिसेल त्या यंत्रावर ते तळहात ठेवून उभे राहायचे आणि डोळे मिटून त्याची मुदत सांगायचे. आमच्या झेरॉक्स मशीनवर हात ठेवून म्हणाले, “आठ दिवस.” ते सहाव्या दिवशी मेलं तर दोन दिवसांची चूक कशी झाली म्हणून हा माणूस दुपारभर खिन्न. कँटीनवाल्याने तर त्यांना हात जोडून सांगितलं होतं, “साहेब, चा फ्री पीवो, पण मिक्सरने हाथ नहि लगाडता.”

त्यांना हॉस्पिटलात कोणी नेमलं, याचा कागद कुठेही नव्हता. गोत्रीच्या बाजूचं ते ट्रस्टचं हॉस्पिटल. कारखान्यातला एक जुना मित्र तिथे भरती होता म्हणून सर रोज त्याच्यापाशी येऊन बसायचे. बसून बसून त्यांनी आजूबाजूच्या खाटांचे तक्ते पाठ केले. हृदयविभागाच्या प्रमुख होत्या त्यांना सगळे नुसतंच मॅडम म्हणत. एका सकाळी राउंडला आलेल्या मॅडमना सर म्हणाले, “सात नंबर आज घरी जातोय, तो परत येणार. नऊ नंबर येणार नाही.” मॅडम हसल्या, कारण सातचे सगळे रिपोर्ट देखणे होते आणि नऊचे बघवत नव्हते. अकराव्या दिवशी सात नंबर स्ट्रेचरवरून परत आला. नऊ नंबर महिन्याने आला तो नातवाच्या मुंजीची पत्रिका द्यायला. मॅडमनी सरांना एक खुर्ची दिली. एवढीच त्यांची नेमणूक.

“ओळखलंत कसं?” मी नंतर विचारलं होतं.

“सातचा डबा फरसाणवाल्याकडून यायचा, पिशवीतून. नऊला तीन सुना. तिघी आळीपाळीने येऊन भांडायच्या.”

मॅडमचा एक प्रकल्प होता आणि मी त्यात पगारी नोकर होते. हृदय अशक्त झालेले पेशंट बरे होऊन घरी जातात, आणि त्यातले काही तीस दिवसांच्या आत पुन्हा दाखल होतात. कोण परत येणार हे घरी सोडतानाच ओळखता येईल का, असा प्रश्न. त्यासाठी अठरा रकान्यांचा फॉर्म होता. वय, रक्तदाब, साखर, किडनीचा आकडा, हृदय किती जोर लावतं, गोळ्या किती, याआधी कितीदा दाखल, असे अठरा. त्यांतून गुण काढायचे आणि पेशंटला हिरवा, पिवळा किंवा लाल ठरवायचं. लाल म्हणजे परत येण्याची भीती जास्त. मी युनिव्हर्सिटीतून नुकतीच स्टॅटिस्टिक्स घेऊन बाहेर पडले होते आणि सयाजीगंजात एका काकूंकडे पेइंग गेस्ट होते. दिवसा रेकॉर्ड रूममध्ये फॉर्म भरायचे, संध्याकाळी खोलीवर स्टीलच्या पेल्याला फोन टेकवून त्यात काहीतरी बघत जेवायचे. मला हे आयुष्य अगदी झकास वाटायचं. म्हणजे कोणी विचारलं असतं तर मी तसंच सांगितलं असतं.

दुपारचा डबा मात्र सर आणि मी रेकॉर्ड रूममध्ये एकत्र खायचो. माझा काकूंचा डबा, त्यांची खिचडी आणि लोणचं. सोमवारी खिचडी, मंगळवारी खिचडी. सर अविवाहित होते. वासण्याला एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर एकटे राहायचे. तिथली लिफ्ट त्यांनी भाकीत केल्याप्रमाणे बंद पडली होती आणि भाकीत न करता तशीच राहिली होती. “लग्न का नाही केलंत, सर?” असं मी एकदा आगाऊपणे विचारलं.

“डेटा अपुरा होता,” ते म्हणाले, आणि लोणच्याची फोड चोखत राहिले.

त्यांच्याकडून मी बोलणी कधी खाल्ली नाहीत. एकदाच, तीही न बोलता. एका पेशंटचं घरी सोडतानाचं वजन घ्यायचं राहून गेलं होतं, तर मी आदल्या दिवशीचा आकडा लिहून मोकळी झाले. सरांनी तो बरोबर पकडला. मला खुर्चीवरून उठवलं, स्वतः बसले आणि त्या महिन्यातले माझे सगळे फॉर्म मूळ कागदांशी एकेक करून ताडून पाहिले. तीन दिवस लागले. तीन दिवस त्यांनी डबा उघडला नाही आणि मीही लाजेने उघडला नाही. शेवटचा फॉर्म गठ्ठ्यात ठेवून म्हणाले, “अंदाज करायचं काम सूत्राचं. आपण फक्त जे आहे ते लिहायचं. बराबर ने?” मी मान हलवली. तेव्हापासून फॉर्मवर खोटं लिहिण्यापेक्षा मला एखाद्याचं पाकीट मारणं सोपं गेलं असतं.

आमच्या घरभेटी हा एक वेगळाच तमाशा होता. ज्यांना ओपीडीत येणं जमत नसे त्यांच्याकडे आम्ही सरांच्या स्कूटरवरून जायचो. मागे मी, माझ्या मांडीवर वजनकाटा. जुन्या शहरातल्या एका पोळमध्ये, म्हणजे बोळात, शिरलो आणि एका वाड्याच्या दारात काटा खाली ठेवला, तर वरच्या गॅलरीतून एक बेन ओरडल्या, “ऊभा रहो, पस्ती लावुं छुं.” आणि खरंच वर्तमानपत्रांचे तीन गठ्ठे घेऊन खाली आल्या. मी खुलासा करायला तोंड उघडणार तोच सरांनी गठ्ठे काट्यावर चढवले. “सोळा किलो,” त्यांनी गंभीरपणे वहीत नोंद केली. “हवे काकाने चढावो.” त्या बाईंनी आमच्याकडे असं काही पाहिलं की मी पुढचे दोन दिवस आठवून आठवून हसत होते. काका मात्र शहाण्यासारखे चढले. बासष्ट. गेल्या आठवड्यापेक्षा तसूभर जास्त नाही. रद्दी का मोजलीत, असं मी परतताना विचारलं तर म्हणाले, “काटा बरोबर आहे का ते बघायला नको? रद्दी खोटं बोलत नाही.”

एकोणिसाव्या रकान्याची लढाई त्यांनी मीटिंगमध्ये लढली. त्यांना फॉर्मवर एक प्रश्न वाढवून हवा होता: जेवताना सोबत कोण?

मॅडम समजूतदार होत्या, पण त्यांनाही हसू आलं. “सर, हे मेडिकल नाही. हे मोजायचं कसं?”

“पंपाशेजारी माणूस उभा असला की पंप कमी बिघडतो,” सर म्हणाले. “पंप लाजतो म्हणून नाही. आवाज बदलला की माणसाला कळतं म्हणून. एकटा जेवणारा पापड-लोणच्यावर भागवतो. मिठाने अंगात पाणी धरतं, पाय सुजतात. सूज त्याला दिसत नाही, कारण आपले पाय आपण रोज बघतो. समोर बसून जेवणाऱ्याला दिसते. तो म्हणतो, अरे, मोज्याचा वळ बघ केवढा उठलाय.”

मीटिंगमध्ये कोणीतरी आपल्या पायांकडे बघितलं. मग सगळ्यांनीच बघितलं. मॅडम म्हणाल्या, “ठीक आहे. पण उत्तर हो किंवा नाही. आणि हो असेल तर त्या माणसाचं नाव आणि फोन नंबर.” सरांनी त्या दिवशी कँटीनमध्ये सगळ्यांना चहा पाजला आणि मिक्सरला हातही लावला नाही.

हे सगळं छान चाललं होतं. मग एका सकाळी जिन्यात सर माझ्यापुढे दोन पायऱ्या चढून थांबले. कठड्यावर हात ठेवून उभे राहिले. मला वाटलं, कठड्याची मुदत काढतायत. चार पायऱ्यांनंतर पुन्हा थांबले. मी नियम विसरले आणि माझ्या तोंडून गेलं, “सर, बरं आहे ना?”

“मजामा,” सर म्हणाले.

दोन वर्षांत तो शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. मी खालच्या पायरीवरून विचारलं, “उशा किती?”

त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. “तीन,” ते म्हणाले. “कालपासून खुर्चीवर बसून झोपतो.”

मी त्यांना हाताला धरून थेट मॅडमच्या केबिनमध्ये नेलं. बाहेर बसलेल्या पेशंटांची रांग ओलांडताना ते प्रत्येकाला “सॉरी हं, सॉरी” म्हणत होते. तासाभरात त्यांना खाट मिळाली. ती सात नंबरची निघाली याचा त्यांना इतका आनंद झाला की ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून त्यांनी तो मला सांगितला. सिस्टरनी मास्क परत बसवला आणि माझ्यावरच डोळे वटारले.

आठ दिवसांनी त्यांना घरी सोडायचं ठरलं. फॉर्म अर्थात मीच भरला. सर पलंगावर मांडी घालून बसले होते आणि अठराही आकडे मला तोंडी सांगत होते. मी गुण मांडले. लाल. नुसते लाल नव्हेत, आमच्या वर्षभराच्या यादीत वरून तिसरे.

सरांचा चेहरा उजळला. “बघ, सूत्र बरोबर चालतंय,” ते म्हणाले. मग त्याचा दुसरा अर्थही त्यांच्या ध्यानात आला. “म्हणजे मी परत आलो तर सूत्र जिंकलं. नाही आलो तर मी जिंकलो. आणि सूत्र पण आपलंच आहे.” आणि हा माणूस हसायला लागला. खोकला येईपर्यंत हसला. मला मात्र हसू येईना. मला त्यांचा राग आला होता. तीन उशा होईपर्यंत या माणसाने कुणाला सांगितलं नव्हतं, आणि रोज दुपारी त्यांच्यासमोर बसून जेवणाऱ्या मलाही काही दिसलं नव्हतं. मी त्या आठवड्यात समोरच्या माणसापेक्षा फोनच जास्त बघितला होता, हे मला नीट आठवत होतं.

“एकोणीस,” मी म्हटलं. “जेवताना सोबत कोण?”

“आहे.”

“नाव?”

सर खिडकीकडे बघायला लागले. खिडकीत एक कबुतर होतं. त्याचंही नाव सांगतील की काय असं मला वाटलं. मग त्यांनी माझं नाव सांगितलं.

“सर, मी दुपारी फक्त. आणि आता तुम्ही महिनाभर हॉस्पिटलात येणार नाही.”

“फॉर्मवर वेळ विचारलेली नाही,” ते म्हणाले. “तो फॉर्मचा दोष. पुढच्या वेळी सुधारू.”

माझ्यापुढे दोनच वाटा होत्या. ‘हो’ खोडून ‘नाही’ लिहायचं, नाहीतर ‘हो’ खरं करायचं. खोडायला मी पेन टेकवलंही होतं. सर कबुतराकडे बघत होते, पण त्यांचा कान माझ्या पेनाकडे लागलेला मला कळत होता. मी फोन नंबरच्या जागी माझा नंबर लिहिला आणि फॉर्म बंद केला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सयाजीगंजातून रिक्षा करून मी वासण्याला गेले, तिसरा मजला चढले आणि सरांच्या ओट्यापाशी उभी राहिले. मला स्वयंपाक येत नाही, हे मी लपवून ठेवलं होतं. ते पहिल्याच घासाला उघड झालं. बिनमिठाची खिचडी, तीही खाली लागलेली. सरांनी ती शांतपणे संपवली आणि म्हणाले, “याला चव यायला आठ दिवस आहेत.” मी पर्समधून मिठाची पुडी काढली, माझ्यापुरती. त्यांनी त्या पुडीकडे असं बघितलं की मला ती उघडवेना. त्या दिवसापासून मीही अळणी जेवायला लागले. काकू विचारायच्या, रोज संध्याकाळी कुठे जातेस? फॉर्म भरायला, मी सांगायचे. काकूंना भलताच संशय होता आणि त्या माझी फणी-पावडर बारकाईने बघायच्या.

रोज जेवणाआधी वजन. रोज उशा. रोज सर मला एक प्रश्न विचारायचे आणि मी त्यांना एक. फोन मी दाराशी चपलांच्या शेजारी ठेवायचे, तसा नियम मीच केला होता. त्यांचं सगळं आयुष्य मला पंपांच्या नावांनी कळलं. चार नंबरचा पंप हट्टी होता, अकरा नंबरचा अल्पायुषी, आणि एक असा होता की त्याची मुदत सर एकोणीस वर्षं सांगत राहिले आणि तो एकोणीस वर्षं त्यांना खोटं पाडत राहिला. त्याच्याबद्दल ते जितक्या मायेने बोलायचे तितके कुठल्याच माणसाबद्दल बोलले नाहीत.

नवव्या दिवशी ते पाटावर बसताना त्यांचा लेंगा घोट्यापासून वर सरकला. घोट्यावर मोज्याचा वळ होता, चांगला खोल. मी बोटाने दाबलं तर खळगा पडला आणि तसाच राहिला.

“काट्यावर चढा,” मी म्हटलं.

कालच्यापेक्षा दोन किलो जास्त. “काटा बिघडलाय,” सर म्हणाले. घरात रद्दी नव्हती, म्हणून त्यांनी मला चढवलं. काटा बिघडला नव्हता. माझं वजन नेहमीइतकंच भरलं, आणि तो आकडा त्यांनी विनाकारण मोठ्याने सांगितला.

मी स्वयंपाकघर धुंडाळलं. काही नाही. कपाट, काही नाही. मग त्यांची हत्यारांची पेटी उघडली. वरच्या खणात पाने आणि स्क्रू-ड्रायव्हर, खालच्या खणात उडदाच्या पापडांचं अर्धं पाकीट.

“दुपारी एकटा असतो,” सर म्हणाले. एवढंच.

मॅडमना फोन केला. पाणी उतरवणारी गोळी वाढवा, तीन दिवस बघा, धाप लागली तर ताबडतोब घेऊन या, असं त्यांनी सांगितलं. सर हे सगळं ऐकत होते. “घेऊन गेलीस तर नोंद ‘परत’ अशी होईल,” ते म्हणाले. “सूत्र बरोबर ठरेल. मला चालेल.”

“मला नाही चालणार,” मी म्हटलं आणि रडायलाच लागले. उभी राहून, हातात पापडाचं पाकीट धरून. मला इतकी भीती वाटली होती की कशाची लाज राहिली नव्हती. सर गडबडले. त्यांना बंद पडलेली यंत्रं माहीत होती, रडणारी माणसं माहीत नव्हती. थोडा वेळ त्यांनी हात माझ्या डोक्यावर ठेवला, अगदी झेरॉक्स मशीनवर ठेवायचे तसाच, डोळे मिटून.

“हे चालेल खूप वर्षं,” ते म्हणाले. मला रडता रडता हसू आलं.

त्या दिवसापासून मी दुपारीही जायला लागले. मॅडमनी जेवणाची सुट्टी वाढवून दिली आणि कारणाच्या जागी ‘घरभेट’ असं लिहिलं. ते खरंच होतं. तीन दिवसांत दोन्ही किलो उतरले, वळ पुसट झाला. पापड मी पोळमधल्या त्या रद्दीवाल्या बेनना नेऊन दिले. त्यांनी ते आनंदाने घेतले आणि आता हॉस्पिटलवाले पापडही वाटतात, असं शेजारी सांगितलं.

तिसावा दिवस आला. सरांना चार वाजून वीस मिनिटांनी सोडलं होतं, म्हणजे महिना त्याच वेळेला संपणार. पावणेचारला गेटवरच्या वॉचमनचा फोन आला, “बेन, तमारा सर लारी पर ऊभा छे, अंदर नथी आवता.” मी खाली गेले. रस्त्यापलीकडे चहाच्या लारीशी, म्हणजे हातगाडीशी, सर उभे होते, इस्त्रीचा बुशशर्ट, हातात घड्याळ.

“आत चला ना, सर.”

“आत आलो आणि मॅडमनी सवयीने नाडी धरून दाखल करून घेतलं, तर? चार वीसनंतर.”

पाच मिनिटांनी मॅडम खाली आल्या. मग सिस्टर आल्या. मग कँटीनवाला. रस्त्याच्या अलीकडे आम्ही, पलीकडे सर, मधून रिक्षा आणि स्कूटरी. लारीवाल्याने काय प्रकार आहे ते विचारून घेतलं आणि तोही घड्याळ बघत उभा राहिला. चार वीसला सरांनी दोन्ही बाजूंना बघून, अगदी नियमाप्रमाणे, रस्ता ओलांडला. सिस्टरनी टाळ्या वाजवल्या. सरांनी गेटच्या खांबावर तळहात ठेवला आणि काहीच मुदत सांगितली नाही.

रेकॉर्ड रूममध्ये मी त्यांचा फॉर्म काढला आणि शेवटच्या ओळीत लिहिलं: तीस दिवसांत परत, नाही.

“म्हणजे सूत्र चुकलं,” मी म्हटलं.

“अठराचं चुकलं. एकोणिसाव्याचं नाही.” सरांनी फॉर्म जवळ ओढून ‘हो’वर बोट ठेवलं. “हे तू लिहिलंस तेव्हा खोटं होतं. फॉर्मवरची ही एकच खोटी नोंद मी तुला माफ केली.”

“माफ केली? ती लिहायला सांगितलंत तुम्हीच.”

त्यांना ते ऐकू आलं नाही. त्यांनी गठ्ठ्यातून एक कोरा फॉर्म काढला, वर माझं नाव लिहिलं, आणि पहिले अठरा रकाने सोडून पेन थेट खाली नेलं. तिथे थांबले. मग पेन तसंच ठेवून माझ्याकडे बघितलं आणि जो प्रश्न त्या इमारतीत कुणी कुणाला विचारायचा नाही तो त्यांनी विचारला.

“कशी आहेस?”

उद्यापासून वासण्याला जायचं कारण उरलं नव्हतं. खोली होती, काकू होत्या, पेला होता, पेल्याला टेकवायला फोन होता. मला वाटलं, मी काहीतरी मजेशीर बोलेन.

“मजामा,” मी म्हटलं.

सरांनी पेनाला टोपण लावलं. “साडेसात,” ते म्हणाले. “मीठ घेऊन ये, तुझ्यापुरतं. मी बघणार नाही.”

आता मी दुसऱ्या शहरात नोकरी करते. संध्याकाळी साडेसातला स्टीलच्या पेल्याला फोन टेकवते, पूर्वीसारखाच, फक्त आता फोनमध्ये सर असतात, त्यांच्या ताटासकट. जेवण झालं की ते लेंगा वर करून एकेक घोटा कॅमेऱ्यासमोर धरतात. मी नीट बघते, वळ नाही असं सांगते, आणि तशी नोंद वहीत करते. मग सर म्हणतात, “आता तू दाखव.” आणि मी दाखवते.